तिरपं निजणारा टंडेल

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. धाकट्या मुलानं हट्टानं एक झोळी विकत आणली होती. दोन झाडांना दोन टोकं बांधायची आणि मध्ये पडून राहायचं, ती. इंग्रजीत तिला हॅमॉक म्हणतात. आपल्याकडे कुणी झुला म्हणतं, कुणी झोळी. घरामागच्या वाडीत फणस आणि आंब्याच्या मध्ये आम्ही ती बांधली. जोहरची नमाज झाली, जेवण झालं आणि मी तिच्यात शिरलो. खाडीवरून वारा येत होता. पाच मिनिटांत डोळा लागला.

असरच्या अजानला जाग आली ती पायांमुळे. टाचा बधिर झाल्या होत्या. गुडघे कुणीतरी उलट्या बाजूला वाकवून धरल्यासारखे दुखत होते. खाली उतरलो तर उजवा पाय जमिनीला टेकला आहे की नाही हेच कळेना. मुलं हसली. मागच्या पडवीत आई तांदूळ निवडत बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, "तुजा दादा असता तर बोलला असता, तिरपा नीज रे बावा. सरल निजलास तर पाय झोलीचे, तुजे नायत."

दादा म्हणजे आमच्यात आजोबा, वडिलांचे वडील. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी जहाजावर काढली. खलाशी म्हणून चढले आणि टंडेल म्हणून उतरले. १९८६ साली त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्यांच्याविषयी मला दोनच गोष्टी पक्क्या आठवतात. एक, दादी रोज रात्री खोबरेल तेल कोमट करून त्यांच्या टाचा आणि पोटऱ्या चोळायची. दुसरी, ते खाटेवर कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरपे निजायचे. त्यामुळे त्या खाटेवर दुसऱ्या कुणालाही जागा उरायची नाही. दादी खाली चटईवर निजायची.

हा लेख त्या दोन गोष्टींचा इतिहास आहे. इतिहास म्हटला की आपल्या समाजात लगेच सुलतान, किल्ले आणि लढाया निघतात. माझ्या घरात किल्ला नव्हता. एक खाट होती.

झोळी कुठून आली

झोळी मुळात समुद्रावरची नाही. ती कॅरिबियन बेटांतल्या ताइनो लोकांची. हॅमॉक हा शब्दही त्यांच्याच 'हमाका' या शब्दापासून स्पॅनिशमार्गे युरोपात गेला. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथल्या घरांतल्या कापसाच्या जाळ्यांसारख्या बिछान्यांची त्यानं आपल्या रोजनिशीत नोंद केली. पुढे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकारानं १५३५ साली छापलेल्या ग्रंथात या बिछान्याचं वर्णन तर केलंच, त्याचं चित्रही दिलं.

दुसरी नोंद आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. मार्च १५०० मध्ये काब्रालच्या हाताखाली तेरा पोर्तुगीज जहाजं लिस्बनहून हिंदुस्थानला निघाली. वाटेत २२ एप्रिलला त्यांना आजच्या ब्राझीलचा किनारा दिसला. ताफ्यात पेरो वाझ द कामिन्या नावाचा लेखनिक होता. त्यानं १ मे रोजी आपल्या राजाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की तिथल्या लांब घरांत खांबापासून खांबापर्यंत जाळी बांधलेली असते, लोक तिच्यात निजतात आणि ऊब मिळावी म्हणून खाली शेकोट्या पेटवतात. त्यानं वापरलेला शब्द होता 'रेदे', म्हणजे मासेमारीचं जाळं. ब्राझीलमध्ये झोळीला आजही रेदेच म्हणतात.

तोच ताफा पुढे सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. त्या बंदराचा समुद्री व्यापार तेव्हा मोठ्या प्रमाणात मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातात होता. मालावरून, मक्तेदारीवरून कुरबुरी वाढत गेल्या. डिसेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला झाला आणि पन्नासहून अधिक पोर्तुगीज मारले गेले. बदला म्हणून काब्रालनं बंदरातली मुसलमान व्यापाऱ्यांची सुमारे दहा जहाजं लुटून जाळली, त्यावरची शेकडो माणसं मारली आणि शहरावर तोफा डागल्या. कामिन्या त्याच डिसेंबरात कालिकतला मेला. ज्यानं झोळीला जाळ्याचं नाव दिलं, त्याचा शेवट आपल्याच समुद्राच्या काठी झाला.

झोळी जहाजावर चढते

युरोपातले खलाशी तोवर उघड्या फळ्यांवर, मिळेल त्या कोपऱ्यात निजत. जहाज एका अंगावर कललं की माणूस घरंगळायचा. खाली ओल आणि उंदीर. झोळी टांगलेली असल्यामुळे जहाज हललं तरी ती सरळ लोंबत राहते, निजलेला माणूस फळीवर आपटत नाही. सकाळी गुंडाळली की जागा मोकळी. १५९७ साली इंग्रजांच्या आरमारानं तिला अधिकृत मान्यता दिली आणि पुढची साडेतीनशे वर्षं ती तिथे टिकली.

मात्र जहाजावर चढताना झोळी बदलली. ताइनोंची झोळी रुंद आणि विणलेली होती, अंगाला धरून पसरणारी. आरमाराची झोळी जाड कॅनव्हासची, अरुंद. दोन्ही टोकांना बारीक दोऱ्यांची रांग आणि त्या सगळ्या दोऱ्या एका कडीत. ही कडी तुळईच्या आकड्याला. आणि दोन झोळ्यांमधलं अंतर? इंग्रजांच्या आरमारात माणशी १४ इंच हा हिशोब ठरून गेला होता. निम्मे लोक पहाऱ्यावर असत, म्हणून निजणाऱ्याला प्रत्यक्षात २८ इंच मिळत. बंदरात सगळेच खाली आले, की पुन्हा १४.

१४ इंच म्हणजे किती, ते पाहायला एक वीत आणि वर चार-पाच बोटं मोजा. आपल्या खांद्यांची रुंदी त्याहून जास्त असते.

यातली काही जहाजं आपल्याच मुंबईत, वाडियांच्या हाताखाली, मलबारी सागवानातून बांधलेली होती. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवलं आहे.

सकाळी झोळी लांबट गुंडाळून तिला दोरीचे सात वेढे घालत आणि ती जहाजाच्या कठड्यावरच्या जाळीत खोचून ठेवत. लढाईत गोळीचा आणि फळ्यांच्या उडणाऱ्या चिरफाळ्यांचा मारा त्या गुंडाळ्यांवर अडायचा. आणि खलाशी मेला, की त्याला त्याच्याच झोळीत घालून शिवत. प्रेत खाली जावं म्हणून पायाशी तोफेचे दोन गोळे ठेवत. जिवंतपणी ज्या पायांना झोळीनं छळलं, मेल्यावर सगळं वजन त्याच पायांशी.

पाय का दुखतात

आईचं बोलणं ऐकून मी जरा वाचलं, थोडं स्वतःवर करूनही पाहिलं. दादांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

झोळीत लांबीच्या रेषेत सरळ निजलं, की शरीर केळ्यासारखं वाकतं. डोकं वर, पाय वर, कंबर खाली. वर आलेल्या पायांचं वजन टाचांवर आणि पोटऱ्यांवर पडतं. टाचेला मांस कमी, त्यामुळे थोड्याच जागेवर सगळा दाब येतो. गुडघ्याखाली आधार नसतो. म्हणून तो मागच्या बाजूला ताणला जातो. कापडाच्या कडा दोन्ही बाजूंनी आत येऊन पाय आवळतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वरून एक नस पावलाकडे जाते. तिच्यावर बराच वेळ दाब राहिला, की पाऊल बधिर होतं. मी उतरलो तेव्हा जमीन का कळेना, याचं कारण बहुधा तेच असावं.

तिरपं निजलं, म्हणजे डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला टाकले, की कापड पसरतं आणि अंग जवळजवळ सपाट होतं. टाचांवरचा भार पोटरी, मांडी, पाठ असा वाटला जातो. ब्राझीलमध्ये आणि मेक्सिकोतल्या युकातानमध्ये आजही घरोघरी लोक असेच तिरपे, काही तर पार आडवे निजतात.

दुसरी गोष्ट दोरीची. ताणून बांधली की झोळी सपाट होईल, असं आपल्याला वाटतं. मीही तसंच केलं होतं. पण दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांच्या आसपास उतरती असेल, तर प्रत्येक दोरीवर साधारण माणसाच्या वजनाइतका ताण येतो. दहा अंशांवर आणली, तर जवळजवळ तिप्पट. तो ताण कापडाच्या कडांना आत ओढतो आणि पाय आणखी आवळले जातात. म्हणून झोळी सैल बांधावी, पायाकडची बाजू वीतभर वर ठेवावी म्हणजे अंग पायाकडे घसरत नाही, आणि गुडघ्याखाली एक घडी घातलेली चादर ठेवावी. ज्यांना साखरेचा आजार आहे किंवा ज्यांची बधिरता उतरल्यावरही जात नाही, त्यांनी मात्र घरगुती इलाज न करता डॉक्टरकडे जावं.

पण तिरपं निजायला झोळी रुंद लागते आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. १४ इंचांत तिरपं निजता येत नाही. म्हणजे पाय दुखत होते ते झोळीमुळे नव्हे. तिच्या मूळ मालकांना तो त्रास नव्हताच. दुखणं जागेचं होतं.

छत्तीस घनफूट

दादा आरमारात नव्हते. व्यापारी जहाजावर होते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, सगळ्यांची रीत थोडीफार सारखीच होती.

अशा खलाशांना इंग्रज लॅस्कर म्हणत. शब्द आपल्याच लश्करातून गेलेला. जहाजावरची बोलीही अशीच मिसळलेली होती. सगळ्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, ज्याला मराठीत तांडेलही म्हणतात. सुकाणूवर सुकाणी, सामान राखणारा कसब, रांधणारा भंडारी, भट्टीशी आगवाला. मुंबईच्या जहाजांवर कामाची वाटणी मुलुखावरून असे. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे हिंदू-मुसलमान, भट्टीवर पंजाबी आणि पठाण, जेवणाखाण्याच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्रजी जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार लोक होते. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, कधी त्याहूनही कमी.

जागेचंही तसंच. इंग्लंडच्या १८९४ च्या जहाजविषयक कायद्यात प्रत्येक खलाशाला निजायला किमान ७२ घनफूट जागा द्यावी असं होतं. हिंदुस्थानात केलेल्या कायद्यात लॅस्करसाठी त्याच्या निम्मी, ३६. मग दोन्ही कायद्यांतला कुठला लागू, यावरून बरीच वर्षं वाद चालला. १९०६ मध्ये इंग्लंडनं आपल्या खलाशांसाठी ही जागा १२० घनफुटांवर नेली, पण लॅस्करना त्या वाढीतून वगळलं. का, तर या लोकांना दाटीची सवय असते, त्यांना थंडी सोसत नाही म्हणून ते एकमेकांना चिकटूनच निजतात, अशी कारणं पुढे केली जात.

छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. ज्यांनी कबरीत उतरून मय्यत ठेवली आहे, त्यांना हे माप ओळखीचं वाटेल.

दादांच्या जहाजावर लाकडी फळ्यांचे बंक होते, पण माणसांपेक्षा कमी. शिवाय तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात त्या पुढच्या कोठडीत जीव घुसमटायचा. मग बिनबंकाचे लोक जुन्या ताडपत्रीच्या झोळ्या शिवून टांगायचे. एकाला लागून एक. सतरा-अठरा वर्षांच्या नव्या पोराला सारंग सांगायचा, तिरपा नीज. दादा आईला ही गोष्ट सांगताना हसायचे म्हणे. तिरपा निजलो की माझे पाय बाजूच्याच्या छातीवर, आणि त्याचे माझ्या तोंडावर. म्हणून सगळे सरळच निजायचे. पहाऱ्याची हाक आली की बधिर पायांनी ओल्या शिडीवर चढायचं.

दुसऱ्या महायुद्धात दादा दोन दिवस बोटीत तरंगले होते, एवढंच घरात ठाऊक आहे. त्याविषयी ते बोलत नसत. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या आश्रयगृहात, त्या युद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या हिंदी खलाशांच्या नावांची यादी ठेवलेली आहे. सहा हजारांहून अधिक नावं. जमीन लांब असेल तर गुस्ल, कफन आणि जनाज्याची नमाज करून, वजन बांधून मय्यत पाण्यात सोडावी, अशी आपल्या फिक्हमध्ये सवलत आहे. दादांनी ते किती वेळा केलं असेल, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

खाट

१९६५ च्या सुमारास दादा कायमचे गावी आले. साठवलेल्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू करून घेतली ती सागवानाची खाट. सुतारानं नेहमीच्या मापाची सांगितली, तर दादांनी हातभर रुंद करायला लावली. आणि त्या रात्रीपासून ते तिच्यावर तिरपे निजले, मरेपर्यंत.

माझ्या वडिलांना याचा राग होता. ते म्हणायचे, बाप बारा महिन्यांतले दहा महिने दर्यावर, आई एकटीनं शेती, घर, आजारपणं बघायची. तो आला तर तिला खाटेवरून खाली घातली. वडिलांनी हे दादांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण त्यांच्यातलं बोलणं कायम कमीच राहिलं. आम्ही मुलंही वडिलांच्या बाजूची. दादा आमच्या लेखी आपमतलबी म्हातारा होता.

आता हे सगळं वाचल्यावर मला त्या तिरप्या निजण्याचा अर्थ कळतो. ज्याला तीस वर्षं पाय बाजूला टाकायला जागा मिळाली नाही, त्यानं ती मिळाल्यावर सोडली नाही. रुंद खाट ही त्याची पेन्शन होती. रात्री कुठल्याही क्षणी पाय पसरता यावा, मध्ये कुणी नसावं, एवढंच त्याला हवं होतं.

हे मी आईला सांगितलं. दादांना आम्ही चुकीचं समजलो, असं म्हणालो. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दादाचं समजलास, बरं झालं. पण चटईवर दादी निजायची. तिला किती घनफूट?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादी १९९४ ला गेली. तिची कंबर शेवटची दहा वर्षं पार धरली होती. ओल्या कोकणी जमिनीवर एकवीस पावसाळे. आणि त्याच कंबरेनं ती रोज वाकून दादांच्या टाचा चोळायची. कायद्यानं खलाशाची निम्मी जागा काढून घेतली, ती त्यानं घरी येऊन वसूल केली. पण ज्यांनी घेतली त्यांच्याकडून नव्हे. जी जवळ होती आणि कुरकुर करणार नव्हती, तिच्याकडून. दादांना माफ करायला मी तयार आहे. पण दादीच्या वतीनं माफी द्यायचा हक्क मला नाही.

कोकणातल्या आपल्या गावांमध्ये अशी घरं शेकड्यांनी असतील. बाणकोटपासून जैतापूरपर्यंत, खाडीकाठच्या प्रत्येक मोहल्ल्यात कुणीतरी सारंग, टंडेल, सुकाणी होऊन गेला. त्यांच्या नळ्या, म्हणजे नोकरीचे दाखले, अजून कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत असतील. ते जपाच. पण त्यांच्यासोबत घरातल्या म्हाताऱ्या बायांनाही विचारा, की ते कसे निजायचे, काय दुखायचं, आणि तेव्हा तुम्ही कुठे निजायचात. दाखल्यावर पहिल्या गोष्टीचीही नोंद नसते, दुसरीची तर नसतेच. विचारायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

झोळी अजून वाडीत आहे. मी ती सैल केली, पायाकडची बाजू वर घेतली. आता तिरपा निजतो आणि टाच दुखत नाही. दादांची खाट माजघरात आहे. परवा मी आणि मुलांनी मिळून ती उचलून आईच्या खोलीत नेली. आई आधी नको म्हणाली, एवढी मोठी कशाला. रात्री डोकावलो, तर ती एका कडेला अंग चोरून निजली होती. सारी खाट रिकामी.

"आई, तिरपी नीज," मी म्हणालो.

"सवय नाय रे," ती म्हणाली.